अर्ध्या तासात येईल

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव मोहरपूर आणि गड्याचं नाव केरबा. भोळा म्हणजे किती? एकदा त्याची बायको हौसा म्हणाली, "दुधावर नजर ठेवा, मी पाणी घेऊन येते." ती परत आली तर पातेलं रिकामं आणि केरबा शेजारी मांडी घालून बसलेला. म्हणाला, "क्षणभर नजर हलवली नाही बघ. आधी वर आलं. मग काठावर आलं. मग चुलीत गेलं. सगळं बघितलं."

तर असा हा केरबा. सांगितलेलं सगळं ऐकायचा आणि ऐकलेलं कधी विसरायचा नाही. सगळा घोळ त्यामुळेच व्हायचा.

आता थोडं मोहरपूरचंही सांगायला हवं. आसपासच्या गावांना वीज सरकारकडून यायची. मोहरपूरची वीज मोहरपूरच्या नगरपालिकेची. घरची वीज! गावाला त्याचा मोठा अभिमान. अभिमान चोवीस तास असायचा, वीज अधूनमधून असायची. ढग आला की लाइट जायची. कावळा तारेवर बसला की जायची, आणि कावळा उडाला की तार हलली म्हणून जायची. एकदा तर ढग नव्हता, कावळा नव्हता, कुणी काही केलं नव्हतं, तरी गेली. तांबटआळीत तर असे हाल होते, की आळीतल्या एका सासूला नव्या सुनेचं तोंड नीट दिसलं ते पाचपरतावन झाल्यावर. तोवर ती आवाजावरूनच कौतुक करत होती.

केरबाने सहा वर्षांत नऊ नोकऱ्या गमावल्या होत्या. शेवटी हौसाने आपल्या मामांचे पाय धरले. मामा म्हणजे आबा चिखले, नगरपालिकेच्या वीजखात्यातले सगळ्यात जुने वायरमन. आबांनी शब्द टाकला आणि केरबा तांबटआळीच्या तक्रार-कचेरीत मदतनीस म्हणून चिकटला. पण एका महिन्यापुरता. वीजखात्याचे पांगारकरसाहेब पहिल्याच दिवशी बोट नाचवून म्हणाले, "एक महिना बघणार. तुझ्या नावावर तीन तक्रारी चालवून घेईन. चौथा कागद आला की घरी. नाही आला, तर कायम."

घरी म्हणजे कुठे, ते हौसाला ठाऊक होतं. तिच्या भावाने निरोप धाडला होता : दाजींना पाठवून दे, शेतात पाखरं हाकायला उभा करतो. बुजगावणं मोडलंय.

"अहो," हौसा डबा हातात देत म्हणाली, "भावजयीच्या हाताखाली भाकऱ्या थापायची वेळ आणू नका माझ्यावर. आबामामा सांगतील तेवढंच करा. आपलं डोकं चालवू नका."

"नाही चालवत," केरबा म्हणाला. आणि ते त्याने पाळलं.

पहिल्या दिवशी दहा वाजता लाइट गेली. दहा वाजून एक मिनिटाने फोन वाजला. फोनवर मालतीकाकू निमकर. काकू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण लाल शाईची दौत काही सुटली नव्हती. तक्रार लिहावी तर त्यांनीच. समास सोडून, तारीख टाकून, खाली सहीला दोन रेघा.

"लाइट गेलीय!" काकू म्हणाल्या.

"हो ना," केरबा म्हणाला, "इकडं पण गेलीय."

"कधी येईल?"

"मला काय ठाऊक, काकू? तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

आबांनी फोन हिसकावून घेतला, काकूंना गोड बोलून गार केलं आणि मग केरबाकडे वळले.

"अरे, असं सांगतात का कुणाला?"

"मग काय सांगायचं, आबा?"

"धीर द्यायचा माणसाला. काही गेलंय म्हणून कुणी आलं की एकच सांगायचं : काळजी करू नका, अर्ध्या तासात येईल."

"आणि नाही आलं तर?"

"यायचं-जायचं देवाच्या हातात. आपण अर्धा तास सांगायचा."

"बरं," केरबा म्हणाला. "आता नाही विसरणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालतीकाकू स्वतःच धापा टाकत कचेरीत आल्या. पदर खोचलेला, हातात लाटणं.

"अरे केरबा, आमच्या मीटरच्या पेटीत साप होता! एवढा लांब! मी लाटणं आपटलं, तेव्हा कुठे गेला एकदाचा."

केरबा उठला. काकूंना खुर्ची दिली. प्रेमाने म्हणाला, "काळजी करू नका, काकू. अर्ध्या तासात येईल."

"कोण?"

"साप."

काकू घरी गेल्या त्या पळतच. त्यांची आख्खी चाळ अर्धा तास खाटांवर उभी होती. दोघंतिघं माळ्यावर चढले. एक गृहस्थ कपाटावर चढले आणि उतरवायला चार माणसं लागली. साप काही आला नाही. लाल शाईतला कागद मात्र आला. तक्रार पहिली.

"अरे गाढवा," आबा म्हणाले, "साप निघाला म्हटल्यावर अर्धा तास सांगतात?"

"मग काय करायला हवं होतं, आबा?"

"काठी घ्यायची! ओरडत सुटायचं, चार माणसं गोळा करायची आणि ज्या भोकातून निघालं ते भोक बुजवून टाकायचं. लिंपून, गच्च."

"भोकातून काहीही निघालं तरी?"

"काहीही निघालं तरी!"

"बरं. आता नाही विसरणार."

त्याच दिवशी केरबाने बाभळीची एक दणकट काठी करून घेतली.

आठवडा गेला. एका सकाळी केरबा करीमचाचांच्या बेकरीवरून चालला होता. सहज वर बघितलं. छपराला एक भोक, म्हणजे धुराडं. आणि भोकातून काहीतरी निघत होतं. काळं, लांबलचक, वळवळत वर चाललेलं.

"निघालं रे निघालं!" केरबा काठी उगारून ओरडला. "भोकातून निघालं!"

चार माणसं गोळा झाली. कुठे निघालं, काय निघालं, कुणी विचारलं नाही. ओरडा झाला की धावून जायची तांबटआळीला सवयच होती. एकाने शिडी दिली, दुसऱ्याने गोणपाट दिलं, तिसरा घमेलंभर चिखल घेऊन आला. केरबा वर चढला. त्याने धुराड्यात गोणपाट कोंबलं आणि वरून चिखल लिंपला. गच्च. थोडं मागे सरून बघितलं. काही निघत नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

खाली मात्र बेकरीच्या दारातून करीमचाचा बाहेर आले. आत गेले तेव्हा गोरे होते. नऊ ताटं खारी कोळसा झाली होती, आणि चाचांच्या दाढीतून अजून धूर येत होता.

"किसने किया ये?" चाचा खोकत ओरडले.

"मी, चाचा," केरबा वरून अभिमानाने म्हणाला. "आता एक थेंबही बाहेर पडायचा नाही."

तक्रार दुसरी. चाचांना लिहून द्यायला मालतीकाकू होत्याच.

आबांनी डोक्याला हात लावला. "अरे, भट्टीतून धूर नाही निघणार तर काय अत्तर निघणार?"

"मग काय करायला हवं होतं, आबा?"

"काही नाही! धूर दिसला की शांतपणे जवळ जायचं. हात जोडायचे. 'सगळं बरं आहे ना?' एवढं विचारायचं. खारी मिळाली तर खायची आणि गुपचूप परत यायचं."

"बरं. आता नाही विसरणार."

त्या संध्याकाळी हौसाने भाकरी वाढली, पण स्वतः जेवली नाही. "दोन झाल्या," ती म्हणाली. "वहिनीचं पत्र आलंय. विचारतेय, दाजींच्या अंगात सदरा कोणत्या मापाचा येतो. बुजगावण्याचा जुना सदरा आहे म्हणे, बसेल का."

"बसेल की," केरबा म्हणाला. "पण मी नाही घालणार. आबा सांगतात तसंच करतोय मी."

"तेच तर!" हौसा म्हणाली आणि दिवा विझवायला उठली. तेवढ्यात लाइटच गेली.

तिसऱ्या आठवड्यात केरबा चौकातून येत होता. चौकात तांबटआळीचा डीपी. डीपी म्हणजे ती मोठी लोखंडी पेटी, जिच्यातून आळीभर वीज जाते. पेटीतून धूर येत होता. मधूनच चरचर आवाज, मधूनच निळी ठिणगी.

केरबा शांतपणे जवळ गेला. हात जोडले.

"सगळं बरं आहे ना?"

डीपी म्हणाला, "हूंऽऽऽ."

केरबा थोडा वेळ खारीची वाट बघत उभा राहिला. डीपीने काही खारी दिली नाही. तेव्हा तो बेकरीत गेला, लांबूनच एक खारी मागितली, चाचांनी लांबूनच फेकली, ती खाल्ली आणि गुपचूप परत आला.

"काय रे, चौकात काही विशेष?" आबांनी विचारलं.

"काही नाही. डीपीतून धूर येतोय."

"काय?"

"मी विचारलं त्याला. बरं आहे म्हणाला."

आबा दारापर्यंत पोचले असतील-नसतील, चौकात धडाम् झालं. डीपीचं झाकण उडालं ते थेट नगरपालिकेच्या गच्चीवर. तांबटआळी काळीठिक्कर. आणि एक-दोन तास नाही, तीन दिवस.

तिसरा कागद आला त्याच्यावर बेचाळीस सह्या होत्या. पांगारकरसाहेब म्हणाले, या बेचाळीस तक्रारी. आबा म्हणाले, साहेब, कागद एक आहे. दोघांचं अर्धा तास भांडण झालं. शेवटी एक धरली. तक्रार तिसरी. राहिलं काही नाही. आणि महिना संपायला सहा दिवस होते.

आबा कचेरीच्या पायरीवर येऊन बसले. समोर रस्ता. रस्त्याच्या अलीकडे तांबटआळी, अंधारात बुडालेली. पलीकडे कासारआळी, झगझगीत. तांबटआळीतले लोक खिडक्यांत उभे राहून कासारआळीकडे बघत होते आणि दातओठ खात होते.

"आबा, लाइट तर नेहमीच जाते," केरबा म्हणाला. "या खेपेला बेचाळीस सह्या कशा झाल्या?"

आबा थकले होते. थकलेला माणूस खरं बोलतो. "अरे, लाइट गेल्याचं कुणाला काही वाटत नाही. लाइट गेली की माणूस पहिलं काय करतो? खिडकीत जातो. शेजारी अंधार दिसला की म्हणतो, 'सगळ्यांचीच गेलीय होय,' आणि निवांत वारा घालत बसतो. पण शेजारी लाइट दिसली, की संपलं. मग तो कागद शोधतो."

"म्हणजे सगळ्यांची गेली की तक्रार येत नाही?"

"छे! एकट्याची गेली की येते."

"बरं," केरबा म्हणाला. "आता नाही विसरणार."

आबांनी एवढ्या वर्षांत एवढी मोठी चूक केली नव्हती, पण त्यांना तेव्हा ती कळली नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. तांबटआळीला नवा डीपी बसून चालूही झाला होता, आणि संध्याकाळी सात वाजता चौकात त्याचा सोहळा होता. नगराध्यक्षा इंदुमतीबाई घारगे यांच्या हस्ते बटण दाबायचं. मांडव घातला होता, गुलाबी कापडात गुंडाळलेलं बटण होतं, मागे फलक होता : 'मोहरपुरात यापुढे अंधार नाही.' हौसा नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती. पिशवीत पेढे होते. आठ वाजता कचेरी बंद झाली आणि तोवर चौथा कागद आला नाही, की पेढे वाटायचे. आला, तर तेच पेढे भावाकडे जाताना न्यायचे.

केरबाला कुठे ठेवायचं, यावर आबांनी रात्रभर विचार केला होता. सगळ्यात लांब ठेवायचं. गावाबाहेर नगरपालिकेचं वीजघर होतं. तिथे एक खोली, एक फोन, कायम भरलेला एक कंदील, आणि भिंतीवर हातभर लांबीचा लोखंडी खटका. सगळ्या गावाची वीज त्या खटक्यातून जायची.

"इथं बस," आबा म्हणाले. "फोन आला तर घे. बाकी कशाला हात लावू नकोस. कशालाही!"

"नाही लावत," केरबा म्हणाला. काठी मांडीवर घेऊन बसला.

सात वाजायला पाच मिनिटं असताना फोन वाजला.

"मी मालती निमकर बोलतेय. माझी लाइट गेलीय."

"शेजारची?" केरबाने विचारलं.

"शेजारची आहे! समोरची आहे! गावात मंडप झगझगतोय आणि मी एकटी अंधारात! हे बघ, मी कागद घेतलाय. दौत उघडलीय. समास सोडलाय..."

केरबाच्या डोळ्यांपुढे बुजगावण्याचा तो सदरा उभा राहिला.

"काकू, काकू, लिहू नका! एक मिनिट खिडकीत उभ्या राहा फक्त."

त्याने फोन बाजूला ठेवला. खटक्यासमोर गेला. हात लावायचा नव्हता. केरबाने हात लावला नाही. त्याने काठी लावली, आणि दाबली.

तिकडे चौकात इंदुमतीबाई म्हणत होत्या, "आणि हे बटण दाबताच..." त्यांनी बटण दाबलं. खाडकन् सगळं गाव विझलं. मांडव विझला, फलक विझला, कर्णा बोलता बोलता मुका झाला. बाई बटणावरचं बोट हळूच काढून पदराखाली घेऊन बसल्या.

"पांगारकर," त्या कुजबुजल्या, "हे मी केलं का हो?"

पांगारकरसाहेबांना घाम फुटला होता. त्यांना वाटत होतं, आपणच डीपी उलटा जोडला. "नाही बाईसाहेब," ते म्हणाले. "पण आपण कुणाला काही विचारायला नको."

वीजघरात केरबाने फोन उचलला. "काकू, आता बघा."

पलीकडून काकूंचा स्वर आला, एकदम मऊ.

"अगंबाई! सगळ्यांचीच गेलीय होय! मग राहू दे. कधी येईल रे?"

"काळजी करू नका. अर्ध्या तासात येईल."

मग एकापाठोपाठ एक फोन आले. कासारआळी, बाजारपेठ, दवाखाना. केरबाने सगळ्यांना धीर दिला. कुणी रागावलं नाही. गावभर लोक खिडक्यांतून एकमेकांचा अंधार बघत होते आणि समाधानाने वारा घालत होते.

चौकात आबांना एका क्षणात सगळं कळलं. सायकल काढून ते अंधारात वीजघराकडे सुटले. दोनदा गटारात गेले, एकदा म्हशीवर गेले. पोचले तेव्हा त्यांच्या अंगावर नगरपालिकेचं अर्धं गटार होतं. केरबा कंदिलाच्या उजेडात घड्याळासमोर उभा होता.

"तुला हात लावू नको म्हटलं होतं!"

"नाही लावला, आबा. काठी लावली."

"वर कर तो खटका! आत्ताच्या आत्ता!"

"दोन मिनिटं राहिलीत, आबा. बसा ना. अर्धा तास सांगितलाय लोकांना. शब्द कसा मोडायचा?"

आबा खटक्याकडे धावले. पण केरबा मधे उभा होता, आणि केरबाला बाजूला करायला बैलजोडी लागली असती. दोन मिनिटं झाली. केरबाने काठीने खटका वर ढकलला. गाव लखकन् उजळलं.

मोहरपूरच्या इतिहासात 'अर्ध्या तासात येईल' म्हटल्यावर लाइट अर्ध्या तासात आली, ती पहिल्यांदा. लोक घड्याळ बघून घराबाहेर आले. म्हाताऱ्यांनी एकमेकांना चिमटे काढून बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला. मालतीकाकू. "केरबा, सगळ्यांची आली. माझी नाही! माझी एकटीची..."

"थांबा हं काकू," केरबा म्हणाला आणि त्याने काठी उचलली.

आबा काठीला लोंबकळले. "नको रे नको! मी जातो! तिचा नुसता फ्यूज उडाला असेल, मी आत्ता बसवतो!" ते तसेच सायकलवर बसले, तसेच चिखलाने भरलेले काकूंच्या घरी गेले आणि सात मिनिटांत फ्यूज बसवून दिला. वायरमन फोन केल्यावर सात मिनिटांत घरी येतो, हे काकूंनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. त्यांनी समास सोडलेला तो कागद पुन्हा पुढे ओढला.

आठाला पाच कमी असताना कागद आणि आबा दोघंही कचेरीत पोचले. सोहळ्याची मंडळी तिथेच आठ वाजायची वाट बघत होती. लाल शाई बघून हौसाने पेढ्यांची पिशवी घट्ट धरली. साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. उलटा करून बघितला.

"ही तक्रार नाही," ते म्हणाले. "ही शाबासकी आहे. म्हणतायत, एवढा शब्दाचा पक्का माणूस खात्यात दुसरा नाही. याला कायम करा. आणि दुसरीकडे कुठे हलवू नका, वीजघरातल्या त्या फोनपाशीच ठेवा."

"साहेब, तिथं सोडून कुठंही ठेवा!" आबा ओरडले.

पण दारात इंदुमतीबाई उभ्या होत्या, बोट अजून पदराखाली. त्यांना हा विषय लवकर मिटायला हवा होता. "बरोबर लिहिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. साहेबांनी सही केली. हौसाने पेढे वाटले. पहिला पेढा आबांना दिला. तो त्यांना गिळता येईना.

तेव्हापासून केरबा त्या खटक्यापाशी आहे. कायम. गावात कुठेही कुणा एकट्याचा फ्यूज उडाला, एकट्याचा दिवा गेला, की त्याला फोन येतो, आणि केरबा त्या माणसाला एकटं पडू देत नाही. तेव्हा कधी मोहरपुरात पाहुणे म्हणून गेलात आणि जेवताना ताटावरची लाइट गेली, तर घाबरू नका. खिडकीत जा. गाव सगळं अंधारात दिसलं, की परत ताटावर बसा. अर्ध्या तासात येईल.